सतरा नंबर

"ह्या डागाची गोष्ट सांगितली तं कोणी विश्वास ठेवणार नाही," डाव्या हाताची बाही वर सारून मी म्हणालो. "मनगटापासून कोपरापर्यंत पाहून घ्या. असा डाग यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कोणापाशी नाही."

"पोळ्याले हा डाग बिबट्यानं केलता," हंसाबाई रुईतला कचरा वेचता वेचता म्हणाली. "त्याच्या आंधी हातावर वीज पडली होती. सांग भिया, आज काय पडलं?"

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मोनालीनं भाड्यानं घेतलेल्या शेडमध्ये आम्ही बारा-चौदा माणसं पोत्यांवर बसलो होतो. सगळी हसली. उद्या सकाळी तिथं रुई पिंजायचं मशीन सुरू होणार होतं, गाद्या-रजया बनवायच्या होत्या. एका भिंतीवर बुद्धाचा अन् बाबासाहेबांचा फोटो लागला होता. दुसऱ्या भिंतीला एक पाटी टेकवून ठेवली होती. पाटीवर मोनालीच्या बापाचं नाव होतं, हवालदार वामनराव मुनेश्वर, अन् खाली जन्माचं-मरणाचं साल. त्याच्या खालची एक ओळ रिकामी होती.

"काका, पेंटर उद्या सकाळी येते," मोनाली म्हणाली. "बाबा आगीत कोणासाठी गेले, ते त्या ओळीत लिहायचं आहे. तुम्ही तिथं होते. तीन वर्षं झाले, मी विचारलं का तुम्ही बिबट्या सांगता. आज मात्र खरं सांगा."

आग लागली तेव्हा पोरगी यवतमाळला होस्टेलात होती, बारावीला. ती कळंबला पोचली तोवर सगळं विझलं होतं. तिला लोकांनी एवढंच सांगितलं, कोणीतरी आत राहिलं म्हणून बाबा पुन्हा आत गेले.

तिच्या शेजारी अतुल सर वही घेऊन बसले होते. नवे कारखानदार तयार करायच्या वर्गात ते शिकवतात, मोनाली त्यांचीच विद्यार्थिनी. फौजेतून आलेल्या माणसाकडून धंदेवाल्यानं पुढारपण कसं शिकावं, यावर त्यांना एक धडा लिहायचा होता. त्यांनी वहीच्या पानावर एक आकडा टाकून ठेवला होता अन् माझ्या तोंडाकडं पाहत होते, जसा काही मी आता मुद्दे ओकणार.

मग मी सांगायला लागलो.

वामनराव चोवीस वर्षं पलटणीत काढून आला तेव्हा कापसाचे वाईट दिवस सुरू झाले होते. एकेक जिनिंग बंद पडत होती. कळंबच्या पुढं रस्त्याला लागून एक जिनिंग दोन हंगाम कुलपात होती, आत घुबडं राहत होती. ती यानं चालवायला घेतली. लोक म्हणाले, फौजीचं डोकं बर्फात राहिलं. पहिल्या दिवशी सकाळी आठला त्यानं शिट्टी फुंकली. ती अशी वाजली, की बाजाराला निघालेली बैलं रस्त्यात सावधान उभी राहिली, अन् चिंतामणीच्या देवळातल्या कुंडातलं पाणी दोन पायऱ्या वर चढलं.

अतुल सरांचा पेन थांबला. "हे लिहू का?"

"लिहा सर. पायऱ्या मी स्वतः मोजल्या."

"त्या दिवशी तू नऊ वाजता आलता," हंसाबाई म्हणाली.

तर आम्ही बावीस माणसं. बाया रेच्यांवर, म्हणजे सरकी काढायच्या मशीनवर, कापूस लावायच्या, गडी कापसाच्या गंजी ओढायचे. मी सगळ्यात आतल्या कोपऱ्यात सरकीची पोती शिवायचो, वीतभर लांब सुईनं. वामनराव मालक होता, पण त्याला खुर्ची नव्हती. ऑफिसात एक खुर्ची होती, ती त्यानं बाहेर काढून गरोदर बाईला बसायला दिली. दुपारी लिंबाखाली सगळे डबे उघडायचे, तेव्हा हा डब्याडब्यापाशी फिरायचा. कोणाच्या डब्यात नुसती कोरडी भाकर आहे ते पाहून ठेवायचा, बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या शेजारी बसून म्हणायचा, माह्या घरचं वरण उरते, फेकावं लागते, थोडं घे. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं तो खायचा. साडेतीन वर्षांत त्या माणसानं वांग्याची फोड पाहिली नाही.

"काका, बाबा घरी यून वांगंच मागत होते," मोनाली म्हणाली.

"म्हणूनच मागत होता, पोरी."

ती हसली. हसताना ती अगदी बापावर जाते, एक भुवई वर. मला तिकडं पाहवत नाही म्हणून मी अतुल सरांकडं पाहून बोलत राहिलो.

आता मुद्द्याचं. वामनरावाचा सगळा कारभार एका गोष्टीवर चालायचा, ती म्हणजे गिनती. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. शिट्टी झाली की सगळे लिंबाखाली रांगेत उभे. प्रत्येकाला नंबर ठरलेला, ज्याचा नंबर त्यानंच म्हणायचा. एक, दोन, तीन. हंसाबाईचा सोळा, माझा सतरा. बावीस झाले की शेवटी तो स्वतः म्हणायचा, "तेवीस. पुरे." पुरे म्हटल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही.

सुरुवातीला बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हा काय शाळा खेळून राह्यला म्हणे. पण ते दिवस कसे होते ते तुम्हाला माहीत आहे. घरचा माणूस शेताकडं गेला अन् दिवस कलला तरी दिसला नाही, तर बाई दारात येऊन रस्ता पाहत उभी राहायची. गावागावात कोणीतरी कमी होत होतं. अशात रोज संध्याकाळी एक माणूस आपल्याला मोजतो अन् आपण पुरे भरतो, याचं बरं वाटायला लागलं. सकाळी एखादा नंबर आला नाही, तर वामनराव सायकल काढून त्याच्या घरी जायचा. दुसऱ्याला पाठवायचा नाही. मी एकदा म्हटलं, साहेब, पोराला पाठवा ना कोणाच्या. तर म्हणाला, "माणूस हरवला तं ज्यानं गिनती घेतली त्यानं धुंडायचं, बळीराम. हुकूम देऊन माणूस सापडत नाही."

अतुल सरांनी ते भराभरा लिहून घेतलं अन् खाली दोनदा रेघ ओढली.

"सर, रेघ मारा पण पुढचं ऐका," मी म्हणालो. "त्या गिनतीत एक खोट होती. ती म्हणजे मी."

रस्त्याच्या पलीकडं फुलचंदची चहाची टपरी होती. नागपूरकडचे लांब पल्ल्याचे ट्रकवाले तिथं थांबायचे. मला चहाची एवढी ओढ नव्हती, मला ऐकणारे लागायचे. जिनिंगमध्ये रेच्यांच्या आवाजात माणसाला स्वतःचं खोटंसुद्धा ऐकू येत नाही. टपरीवर मी एखादी गोष्ट सुरू करायचो, अर्धी झाली की ट्रकवाला निघायचा अन् परतीच्या फेरीला उरलेली ऐकायला थांबायचा. एक सरदारजी तर नुसता शेवट ऐकायला आठ दिवसांनी रिकामा ट्रक घेऊन आला.

"तो टायर पंक्चर झाला म्हणून थांबलता," हंसाबाई म्हणाली.

"शेवट ऐकून गेला ना पण?"

"तू सोडलं तवा गेला."

मी कोपऱ्यातल्या मागच्या दारानं निसटायचो. संध्याकाळच्या गिनतीला कधी पोचायचो, कधी नाही. नाही पोचलो तर ही हंसाबाई सोळा म्हणायची, मान खाली घालायची अन् घोगरा पुरुषी आवाज काढून सतरा म्हणायची. असा हुबेहूब काढायची की एकदा मीच दुरून ऐकून घाबरलो, म्हटलं आपण तिथं आहोत तर इथं कोण. ती माझी बहीण नाही, नात्याची नाही, जातीची नाही. तांड्यावरची बाई. पण मला भिया म्हणते. भावाला बोलणी बसू नये, एवढाच तिचा हिशेब.

एके दिवशी तिनं सतरा म्हटलं अन् त्याच क्षणाला मी हातात कप घेऊन फाटकातून आत आलो.

मला वाटलं आता शिव्या पडतात. वामनरावानं गिनती तशीच पुरी केली, तेवीस म्हटलं, पुरे मात्र म्हटलं नाही. सगळ्यांना गंजीपाशी बसवलं अन् स्वतः उभ्याउभ्या बोलला. साडेतीन वर्षांत तो तेवढा एकदाच लांब बोलला.

"वर बर्फात आमची एक चौकी होती. नऊ जण. दिवस बुडायच्या आंधी गिनती व्हायची अन् दार लागायचं. एका दिवशी सात नंबरचा गडी बाहेर गेलता, पाच मिनिटात येतो म्हणून. वरचा साहेब कडक. गड्याले सजा होईन, म्हणून त्याच्या दोस्तानं त्याचा नंबर म्हणून टाकला. गिनती पुरी झाली. दार लागलं. बाहेर वारा सुटला होता, हाक मारली असन तरी आत आली नाही. सकाळी दार उघडलं तं दहा पावलांवर होता. हात दाराकडं करून."

मला गप्प राहता येत नाही. मी विचारलं, "अन् नंबर कोणी म्हणलता, साहेब?"

वामनरावानं गळ्यातली शिट्टी शर्टाच्या आत टाकली. "मी," तो म्हणाला.

मग तो हंसाबाईपुढं येऊन उकिडवा बसला. "बाई, रांगेत नंबर रिकामा राह्यला तं मी जाऊन पाहीन. भरलेला असन तं मी कुठी पाहू?"

हंसाबाईनं गळ्याला हात लावून आण घेतली, की पुन्हा दुसऱ्याचा नंबर म्हणणार नाही. अन् मला त्यानं काय सजा दिली असेल? दुसऱ्या दिवसापासून फुलचंदची किटली दुपारी चारला फाटकाच्या आत यायला लागली. सगळ्यांना चहा. म्हणे माणूस कशासाठी बाहेर जातो ते आत आणून ठेवलं तर तो जात नाही.

"वा," अतुल सर म्हणाले. "शिक्षा नाही, कारण दूर केलं."

"हो," मी म्हणालो. "तेव्हापासून मी टपरीची पायरी चढलो नाही."

हंसाबाईचा कचरा वेचणारा हात थांबला. मी तिकडं पाहिलं नाही.

मग तो दिवस आला. फेब्रुवारीचा महिना, हंगाम उताराला लागलेला. पाच वाजले असतील. कापसात खडा आला असेल, रेच्यात घासला, ठिणगी उडाली. कापसाची आग लाकडाच्या आगीसारखी नसते, पोरी. ती आधी आतून चालत जाते, वर पांढरंच दिसतं. वर दिसेपर्यंत अर्धी गंजी गेलेली असते. कोणीतरी ओरडलं, वामनरावाची शिट्टी झाली. सगळे बाहेर पळाले, लिंबाखाली रांगेत उभे राहिले. कोणाला सांगावं लागलं नाही, तीन वर्षांची सवय. मागं शेड धुमसतंय अन् बाया खोकत खोकत नंबर म्हणतात. एक, दोन, तीन. चौदा, पंधरा. हंसाबाईनं सोळा म्हटलं. त्याच्या पुढं काहीच नाही.

"आजोबा," अतुल सर हळूच म्हणाले, "तुम्ही आत होता तर गिनती तुम्हाला ऐकू कशी आली?"

"टिनाचं शेड सर. टिनातून सगळं ऐकू येते."

त्यांनी मान डोलावली. मोनाली माझ्या तोंडाकडं पाहत होती. मी मात्र तिच्या मागच्या पाटीकडं, त्या रिकाम्या ओळीकडं पाहत होतो. अन् मला वाटलं, एवढी वर्षं बैलं, बिबटे अन् सरदारजी जन्माला घातले, त्यातलं एक तरी कोणाच्या कामी यावं.

मी म्हणालो, मी आतल्या कोपऱ्यात होतो. पोती शिवता शिवता डोळा लागला होता. जागा झालो तेव्हा मागच्या दारापुढं धूर अन् पुढच्या बाजूला आग. पोत्यांची थप्पी पायावर पडलेली. हाक मारायला तोंड उघडलं तर तोंडात राख. मी म्हटलं, बळीराम, ही तुझी शेवटची गोष्ट अन् ऐकायला कोणी नाही. तेवढ्यात धुरातून एक ओलं कांबळं चालत आलं. पलटणीतलं कांबळं, हौदात बुडवून अंगावर घेतलेलं. त्यात वामनराव. मला म्हणाला, "नंबर बोल." मी म्हटलं, "सतरा." तेव्हा तो हसला, शपथेवर सांगतो. त्यानं थप्पी उचलली, मला पाठीवर घेतलं, जसं लढाईत घेतात. माझा हा हात बाहेर राहिला होता, तो तेवढा भाजला. हा पाहा, हा तोच डाग.

मोनालीनं माझा हात हातात घेतला. डागावरून बोट फिरवलं, मनगटापासून वर कोपरापर्यंत. आजवर तिनं त्याला कधी हात लावला नव्हता.

"मंग, काका?"

मग आम्ही दारापर्यंत आलो. दारात पोचताना, पाठीवर असताना, तो मला म्हणाला, "बळीराम, हंसाबाईनं आज तुह्या नंबरची जागा भरली असती, तं मी गिनती पुरी समजलो असतो अन् तू आत राह्यला असता. बाईले सांगजो, तिनं बरोबर केलं." एवढं बोलून त्यानं मला दाराबाहेर फेकलं. मी फाटकापाशी येऊन पडलो. मागं वळून पाहिलं, तर दारावरचं छत खाली आलं होतं. तो दारातच गेला, पोरी. माझ्यासाठी गेला. एका माणसाचा जीव वाचवून गेला. लिही तुझ्या पाटीवर.

मोनाली रडत होती, पण चेहरा मोकळा झाला होता. तीन वर्षांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. अतुल सरांनी वही मिटली होती. मागं बसलेल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला. मीसुद्धा, खरं सांगायचं तर, त्या घडीला पाठीवरच होतो, मला त्या ओल्या कांबळ्याचा वास येत होता.

"हंसामावशी," मोनाली तिच्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही गप्प राहिल्या म्हणून काका वाचले."

हंसाबाईनं मांडीवरची रुई गोळा करून टोपल्यात टाकली. हात झाडले. मग पुन्हा झाडले, हाताला काही लागलेलं नसताना.

"भिया," ती म्हणाली, "मले माफी द्याले एवढी मोठी गोष्ट रचली तुनं."

"हंसाबाई, राहू दे."

"साहेब दारात नाई सापडले. तुह्या पोत्यांपाशी सापडले, आतल्या कोपऱ्यात. पोते उलटेपालटे करून ठेवले होते त्याहिनं. तुले धुंडून राह्यले होते." ती माझ्याशी बोलत होती, पण पाहत होती पोरीकडं. "तू आत नव्हताच. तू फुलचंदच्या टपरीवर होता. आग पाहून उठला अन् चहाचं उकळतं पातेलं अंगावर घेतलं, तसाच रस्ता ओलांडून पळत आला. तो डाग चहाचा हाये. मी तुले पाह्यलं तवा साहेब आत गेलते. मी हाका मारल्या, बळीराम भायेर हाये, बळीराम भायेर हाये म्हणून. आत गेली नाई माही हाक."

मोनालीनं माझा हात सोडला नव्हता. तिची बोटं डागावरच थांबली होती.

"रोज मी खोटं बोलत होती, बाई," हंसाबाई तिला म्हणाली. "त्या दिवशी सोळा म्हणलं अन् माह्या तोंडात सतरा आलता. आण घेतलेली, म्हणून गिळला."